चाळीस लोट्यांची टाकी

“आधी कॉक उघडायचा. मग दांडा सावकाश, सात वेळा. घाई नाही करायची. आणि निघताना कॉक बंद, खुर्शीद. तो विसरलीस तर खाडी आत येईल.”

माझे शौहर अब्दुर्रहमान यांनी हे मला आमच्या नेरूळच्या घरात, हॉलमध्ये सतरंजीवर बसून शिकवलं. टीपॉय सरकवून तिथे बोटीचा संडास मांडला होता. पांढरं भांडं, बाजूला हातपंपाचा दांडा, मनगटाएवढी जाड नळी आणि नळीच्या टोकाला दुधी रंगाची प्लॅस्टिकची टाकी. शेजारच्या सुमेधाताई विरजण मागायला आल्या, दारातूनच “मी नंतर येते हं” म्हणाल्या, आणि त्या दिवशी काही परत आल्या नाहीत.

तीस वर्षं ते मालवाहू जहाजांवर इंजिनीअर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी शिडाची बोट घेतली, तीही माझ्या नावावर. बोटीचं नाव सहर. बेलापूरच्या खाडीत, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर, ती तरंगत्या बोयाला बांधलेली असते. तिच्यातून मला श्रीवर्धनला, माझ्या माहेरी, पाण्यानं न्यायचं हा त्यांचा हट्ट. मी म्हणायचे, एसटीनं काय वाईट आहे?

खरं कारण वेगळं होतं. मला साखर आहे, तासाभरानं उठावंच लागतं. आणि बोटीतला संडास सरळ खाडीत रिकामा व्हायचा. ज्या पाण्यानं माणूस नमाजाआधी वजू करू शकतो त्यात घाण सोडायची नाही, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. म्हणून ही टाकी. सगळं टाकीत साठवायचं आणि नंतर डब्यांत भरून धक्क्यावरच्या संडासात ओतायचं.

माहितीपत्रकात लिहिलं होतं, दोन माणसांना दहा दिवस पुरते. वाचून आम्ही दोघंही हसलो. ते लिहिणारे कागद वापरत असणार. आपल्याला पाणी लागतं. मग एका रविवारी मी घरातला लोटा घेऊन टाकीत पाणी ओतत गेले आणि ते प्रत्येक लोट्याला काळ्या मार्करनं रेघ मारत गेले. चाळीस रेघा झाल्या.

“एका माणसाला दिवसाला चार लोटे,” ते म्हणाले. “दोघांना पाच दिवस. श्रीवर्धन आरामात.”

टाकी पुढच्या बिछान्याखाली बसवताना नळी तोटीवर चढेना. मी थर्मासमधलं गरम पाणी नळीच्या तोंडावर ओतत होते आणि ते वाकून, दातओठ खात ती सरकवत होते. शेवटी बसली. त्यांनी ओल्या फडक्यानं नळी पुसली, फडकं आधी स्वतः हुंगलं, मग माझ्या नाकापुढे धरलं. “पुढेही असंच तपासायचं. वास आला तर नळी बदलायची.”

मी म्हटलं, “सगळं ठीक आहे, पण बसणाऱ्याचं तोंड कुठे?”

बोटीत संडासाला एकच जागा होती, आणि बसणाऱ्याचं तोंड बोटीच्या नाकाकडे होतं. बोयाला बांधलेली बोट पाण्याबरोबर फिरते. आमच्या खाडीत भरतीला नाक पश्चिमेकडे, ओहोटीला पूर्वेकडे. म्हणजे एक तर किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला तोंड, नाहीतर पाठ; संडासात दोन्ही मना. दुसरा कुणी चिडला असता. यांनी हातानं दिशा मोजल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोयाच्या साखळीला आणखी एक दोर बांधला आणि बोटीच्या मागच्या अंगाला आणला. तो ओढून अडकवला की बोट प्रवाहाला आडवी राहायची, नाक उत्तरेला. काम झालं की दोर सैल, बोट परत सगळ्यांसारखी.

मी धक्क्यावर बसले असले की मला ते दिसायचं. दहा बोटी एका दिशेनं आणि आमची आडवी. मी पदर तोंडाला लावून हसायचे. लोकांना वाटायचं, साहेब शीड वाळवतायत. फक्त दिवाळे गावचे भगवानभाऊ, जे आम्हाला होडीनं ने-आण करायचे, त्यांना खरं ठाऊक होतं. ते होडीतूनच ओरडायचे, “भाभी, शेठ आडवं झालं!”

डबे भरून वर नेतानाही त्यांची बडबड चालायची. “अख्ख्या गावची घान खाडीत येते, न आपुन ही डब्यान भरून वर नेताव. शेठ, तुमाला कोन बक्षीस देनार हाय?”

“आहे देणारा,” हे म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे.

टाकी बसली की मी येईन, असं मी त्यांना वचन दिलं होतं.

टाकी रमजाननंतर, शव्वालमध्ये बसली. मी म्हटलं, शव्वालचे सहा रोजे होऊ द्या. मग बकरी ईदआधीचे झिल्हजचे आले. मग पाऊस. पावसानंतर सुनेचं, शायमाचं, बाळंतपण. पहाटे फजरच्या नमाजानंतर कुराणातलं यासीन आणि सोमवार-गुरुवारचा रोजा हा माझा अकरा वर्षांचा नेम. त्या जानेवारीत एका गुरुवारी सकाळी ते बूट हातात घेऊन दारात उभे राहिले. वारा चांगला होता.

“आज चल.”

“आज रोजा आहे माझा.”

“प्रवासात रोजा माफ असतो, खुर्शीद.”

“शनिवारी येते. नक्की.”

ते एकटेच गेले. दुसऱ्या दिवशी सहर न्हावा गावासमोर सापडली. नांगर टाकलेला, शीड नीट घडी घालून बांधलेलं, कपात थोडा चहा. ते नव्हते. आठवडाभर शोध चालला. काहीच मिळालं नाही. भगवानभाऊंनी बोट ओढून परत आणली, टाकी रिकामी केली. टाकीत चार लोटे होते. एका दिवसाचे.

आडवं करायचा दोर मी त्यांच्या कपड्यांबरोबर घरी आणला. कपाटात खालच्या कप्प्यात आहे.

पावसाळाभर बोट ताडपत्रीखाली होती. मी दर गुरुवारी दुपारनंतरची असरची नमाज पढून धक्क्यावर जायचे, तस्बीहची माळ घेऊन बसायचे. ऑक्टोबरात ताडपत्री काढली त्या आठवड्यात भगवानभाऊ माझ्याजवळ आले आणि उभेच राहिले.

“भाभी, बोटीची चावी कुनाला दिलाव काय?”

“नाही. का?”

“टाकी भरलीय.”

मी जाऊन पाहिलं. टॉर्च लावली की टाकीतली पातळी बाहेरून दिसते. अठ्ठाविसाव्या रेघेवर होती.

यांनी घरी इतकं शिकवलं होतं की मी घाबरले नाही. समुद्राच्या पाण्याचा कॉक झिजला की पाणी उलटं चढून भांड्यात येतं आणि भांड्यातून टाकीत. मी भगवानभाऊंकडून टाकी रिकामी करून घेतली. कॉक घट्ट बंद केला. भांडं कोरडं पुसलं. नळीवरून ओलं फडकं फिरवलं, हुंगलं. वास नव्हता. संडासाच्या दाराच्या कडीला पांढरा दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि मोठ्या दाराला कुलूप लावून चावी पर्समध्ये ठेवली.

पुढच्या गुरुवारी दोरा जसाच्या तसा होता. भांडं कोरडं होतं. टाकी अठ्ठाविसाव्या रेघेवर.

सात दिवस. दिवसाला चार.

“खाडीचं पाणी शिरलं असेल,” मी म्हटलं.

भगवानभाऊंनी टाकीचं झाकण उघडलं आणि तोंड बाजूला केलं. “खाडीचं नाय, भाभी. मानसाचंच हाय.” मग त्यांनी डबे भरले. त्या दिवशी त्यांनी बक्षिसाचं विचारलं नाही.

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

माझा मुलगा अम्मार खारघरला राहतो. तो शायमा आणि बाळाला घेऊन आला तेव्हा त्याच्याबरोबर केयूर नावाचा त्याचा मित्र होता. मुलगा चांगला होता, नम्र. त्याला बोट हवी होती.

“अम्मी, उभी राहून सडतेय ती,” अम्मार म्हणाला. “आणि तू दर आठवड्याला त्या धक्क्यावर जाऊन बसतेस. मौलानांशी बोललोय मी. मय्यत मिळाली नसली तरी अब्बांचा गायबाना जनाजा पढून घेऊ. मग तुलाही जरा...”

शायमा बाळाचं टोपडं सारखं करत राहिली.

ज्याची टाकी अजून भरतेय त्याचा जनाजा कसा पढायचा, हे पोटच्या मुलाला कसं विचारणार?

“आंटी, तुम्ही टेन्शन घेऊ नका,” केयूर म्हणाला. “मी बोट एकदम टॉप ठेवेन. फक्त ती टाकी तेवढी काढून टाकू. फालतू जागा खाते. सरळ खाडीत सोडायचं, सगळेच सोडतात.”

मी चहाचे कप उचलून आत नेले.

कागद माझ्या सहीसाठी टीपॉयवर ठेवले होते. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर ते न्यायला येणार होते.

त्याच आठवड्यात मंगळवारीही मी धक्क्यावर गेले. ओहोटी होती. सगळ्या बोटींची नाकं पनवेलकडे. मी तस्बीहचा अर्धा फेरा संपवून मान वर केली तर सहर वळत होती. अगदी सावकाश. पाणी तिच्या कुशीवर आपटायला लागलं तरी ती आडवी उभी राहिली, नाक उत्तरेला. चार-पाच मिनिटं. मग परत फिरली आणि सगळ्यांसारखी झाली.

भगवानभाऊ पायऱ्यांवर जाळं विणत होते. त्यांचे हात थांबले होते. ते ओरडले नाहीत.

बुधवारी मी कपाटाचा खालचा कप्पा उघडला. दोर तिथेच होता, कोरडा.

आज गुरुवार. पहाटे उठले, पण रोज्याची सेहरी केली नाही. फजर पढले, यासीन पढले. मग चहा केला आणि प्यायले. अकरा वर्षांत पहिल्यांदा गुरुवारी सकाळी माझ्या तोंडाला चहाची चव होती. प्रवासात रोजा माफ असतो.

पिशवीत नमाजाची जानमाज, साखरेच्या गोळ्या, थर्मास आणि तो लोटा घेतला. वर दोर ठेवला. टीपॉयवरच्या कागदांवर सही केली नाही. त्यांच्यावर अम्मारसाठी एक चिठ्ठी ठेवली: माहेरी जाते आहे, काळजी करू नकोस.

धक्क्यावर ऊन होतं. ओहोटी लागली होती. भगवानभाऊंनी माझी पिशवी बघितली.

“वस्तीला जाताव, भाभी?”

“हो.”

“शीड कोन काढनार?”

मी पिशवी खांद्यावर सरकवली. ते होडीत उतरले, वल्ही हातात घेतली, आणि समोर बघून तशीच धरून राहिले.

दहा बोटी पूर्वेकडे तोंड करून होत्या. सहर आडवी.

“भाभी, तो दोर...”

“माझ्या पिशवीत आहे.”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“थांबू या जरा,” मी म्हटलं. “आत कुणीतरी आहे.”

वारा पडला होता. पाण्यावरून आवाज स्पष्ट आला. दांडा. खाली, वर. घाई नव्हती. मी तस्बीहचे मणी सरकवत गेले.

सात.

मग कॉक बंद झाल्याचा लहानसा आवाज.

बोटीचं नाक हळूहळू वळलं आणि पूर्वेला येऊन थांबलं.

मी चपला काढून हातात घेतल्या, बिस्मिल्लाह म्हटलं आणि होडीत उतरले.