सीटच्या दांड्यावरच्या रेघा

आईला घर सोडायला लावायचं तर आधी सायकलसाठी चांगलं स्थळ बघायला हवं, असं थोरली ऑफिसात हसत सांगायची. सायकल एकदा खात्यापित्या घरी पडली की आई निर्धास्त. हसत सांगायची एवढंच. आईनं एकटीनं राहावं अशी परिस्थिती आता राहिली नव्हती. ती दोनदा न्हाणीघरात पडली होती. डॉक्टरांनी थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुन्हा पडल्या तर बहुतेक उठायच्या नाहीत. थोरलीच्या घरी तळमजल्यावरची खोली रंगवून तयार होती. पण आईला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिचं एकच पालुपद.

"मी आले तर सायकलकडे कोण बघेल?"

सायकल मागच्या खोलीत भिंतीवर टांगलेली होती. धाकटा तापानं गेला त्या आठवड्यात बाबांनी ती दोन खुंट्यांवर चढवली आणि पुन्हा खाली काढली नाही. पुढे काही वर्षांनी बाबाही गेले. आई रोज तिच्यावरून फडकं फिरवायची, फुलदाणीवरून फिरवावं तसं.

थोरली वजनं-मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. दुकानांतले काटे, कारखान्यांतल्या मोजपट्ट्या तिच्या टेबलावरून शिक्का घेऊन जात. जे मोजता येत नाही त्यावर ती वाद घालत बसत नसे, सोडून देत असे. म्हणून जुन्या सायकली जमवणाऱ्या एका गृहस्थांचा पत्ता लागला तेव्हा तिनं रीतसर रजा टाकली, थैलीत जाडी मोजायचं व्हर्निअर आणि भिंग घातलं आणि सकाळीच आईकडे आली.

"नक्की कुठली आणि कधीची ते कळलं तर मी ती जन्मभर सांभाळीन," गृहस्थ फोनवर म्हणाले होते. "पण रंगावर जाऊ नका. रंग कोणीही देतं. सुटे भाग काय सांगतात ते बघा."

रंग बाबांनीच दिला होता, कारखान्यातला करडा, यंत्रांना देतात तो. बाबा तिथे लेथवर टर्नर होते. यंत्रं बसवायला आलेला एक बुटका जपानी इंजिनिअर दर सुट्टीला या सायकलवरून गावाबाहेर भटकायचा. परत जाताना त्यानं ती बाबांना दिली. धाकटा तेव्हा अकरा वर्षांचा. खाली वळलेलं हँडल, केसासारखे बारीक स्पोक, हातात उचलली तर पोराच्याही हाताला जड वाटू नये अशी. बाबा ती इतकी पुसायचे की आई म्हणायची, "पोराला अंघोळ नसली तरी चालेल, सायकलला हवी!"

थोरलीनं ती खुंट्यांवरून उतरवली. चाक जमिनीला टेकलं आणि थोडं उसळलं. तिनं अंगठ्यानं टायर दाबला. टणक होता.

"आई, हवा कोण भरतं यात?"

"मला कुठे येतंय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. मग जरा वेळानं, "मागचं चाक डावीकडे ओढतंय. बघ जमलं तर."

"तुला कुणी सांगितलं?"

"घरात आहे कोण सांगायला?"

शेजारचं कोणी येऊन भरून जात असेल, असं थोरलीनं स्वतःशी ठरवलं आणि जुनी पांढरी चादर पसरून सायकल तिच्यावर उलटी केली. मागचं चाक फिरवून पाहिलं. ते डावीकडे ओढत होतं.

पुढचे दोन तास मात्र तिच्या आवडीचे होते. पॅडल फिरतात त्या जागेखाली, रंगाच्या तीन थरांआड, क्रमांक ठोकलेला निघाला. मागच्या चाकाचा आस ज्या खाचेत बसतो तिथे कारखान्याची इवलीशी जपानी अक्षरं होती. पॅडलच्या दांडीच्या, म्हणजे क्रँकच्या, पाठीमागे तेल-मातीचं पुट खरवडल्यावर दोन इंग्रजी अक्षरं दिसली. पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं; गृहस्थांनी तशी खूण सांगून ठेवली होती. गिअरच्या पाठीवर तशीच दोन. ब्रेकच्या कमानीवरही. सगळ्या भागांचा जन्म एकाच हंगामातला निघाला. म्हणजे सायकल अस्सल होती, कुणी चार ठिकाणचे तुकडे जोडून केलेली नव्हती. थोरलीला परीक्षेत पहिलं आल्यासारखं वाटलं. तिनं फोटो काढून पाठवले.

गृहस्थांचा फोन लगेच आला. आवाजात आनंद होता, पण त्याखाली काहीतरी अडलं होतं.

"सायकल उत्तम आहे. पण तुम्ही तर म्हणालात टांगून ठेवलीय."

"माझा भाऊ गेल्यापासून. तीसेक वर्षं झाली."

"मागच्या चक्राचे दात बघा बरं. टोकं झिजून माशाच्या काट्यासारखी झालीत. इतकी झीज व्हायला माणसानं रोज, वर्षानुवर्षं चालवावी लागते."

थोरलीनं भिंग लावलं. दात तसेच होते. ब्रेकचे रबर बाबांनी धाकट्याच्या शेवटच्या परीक्षेआधी नवे घातले होते, तिला नीट आठवत होतं, कारण जुने रबर घेऊन दोघा भावंडांनी खोडरबर म्हणून वापरून पाहिले होते आणि वही काळी केली होती. त्या नव्या रबरांची आता पातळ चकती उरली होती.

"ते राहू द्या," गृहस्थ घाईनं म्हणाले. "एकच माप राहिलंय. सीटचा दांडा बाहेर काढा आणि त्याची जाडी मोजा. नळ्या कुठल्या प्रतीच्या पोलादाच्या ते त्यावरून कळेल."

सीटचा दांडा. थोरलीला हसू आलं. तो काही जपानी नव्हता. मूळचा वाकला, तसल्या जाडीचा दुसरा कुठे मिळेना, तेव्हा बाबांनी लेथवर कातून त्याच जाडीचा घरचा दांडा केला होता, चांगला लांब, पोरगं वाढेल तसं सीट वर घेता यावं म्हणून. दर वर्षी परीक्षा संपली की धाकट्याला भिंतीला टाचा लावून उभं करायचं, शेजारी सायकल, आणि सीटचा माथा कंबरेच्या हाडाशी आणायचा. मग दांडा जिथे नळीत शिरतो तिथे तिकोनी कानशीनं एक रेघ. पोरं घराच्या दारावर मोजतात, हा दांड्यावर मोजला जायचा. बाबांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं, त्यामुळे कानस दर वेळी शेवटी निसटायची आणि रेघेला खाली बारीक शेपूट फुटायचं. अशा तीन रेघा झाल्या. चौथ्या परीक्षेआधी धाकटा गेला.

तिनं सायकल आडवी करून बोल्ट सैल केला, दांडा ओढला. तो सहज आला, तेलात भिजलेला. तिनं फडक्यानं वरपासून खालपर्यंत स्वच्छ पुसला आणि उजेडात धरला.

पहिली रेघ. दुसरी. तिसरी.

खाली चौथी होती. पाचवी. सहावी बरीच खाली, पोरं एका उन्हाळ्यात ताडमाड वाढतात तशी. मग अंतर कमी कमी होत गेलेलं, शेवटच्या दोन तर एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या. त्यानंतर दांडा कोरा. प्रत्येक रेघेला शेपूट होतं.

थोरली चादरीवर तशीच बसली. अर्थ ध्यानात आला तेव्हा डोळे भरून आले. बाबांनी पोराला मोठं केलं होतं. कुणाला न सांगता, दर वर्षी, मनातल्या मनात माप घेऊन, आपण जाईपर्यंत. धाकटा बाबांपेक्षा उंच झाला होता. चक्राची झीजही बाबांचीच असणार. सगळे झोपल्यावर काढत असतील बाहेर. हिशोब पुरता जुळत नव्हता, पण दुःखाला कुठे मोजपट्टी लावायची, असं तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला म्हणू दिलं. दांडा चादरीवर ठेवून ती आईकडे गेली.

आईनं चहा टाकला होता. थोरलीनं तिला रेघांचं सांगितलं, सांगताना दोनदा थांबावं लागलं.

"बाबांनी एकट्यानं केलं गं सगळं. आपल्याला कळूसुद्धा दिलं नाही."

"एकट्यानं कसं माप घेतील?" आई म्हणाली. "माप घ्यायला पोर समोर उभं लागतं."

चहाला उकळी आली. आईनं गॅस बंद केला, अगदी न विसरता.

"आई, ते गृहस्थ चांगले आहेत. जपतील. तू चल आता माझ्याकडे."

थोरलीनं वाद घालायची तयारी ठेवली होती. पण आई कपात चहा ओतत म्हणाली, "हो. निघायचंच आहे आता. किती दिवस थांबवायचं."

इतक्या वर्षांचा हट्ट एका घोटात सुटला. थोरलीनं आईचा हात हातात घेतला आणि चहा पिऊन होईपर्यंत सोडला नाही. चपला घातलेले आईचे पाय खुर्चीवरून जमिनीला जेमतेम टेकत होते. आई आता किती लहान झाली आहे, हे तिला त्या दिवशी जाणवलं.

जाडी मोजायची राहिली होती. ती मागच्या खोलीत आली. खिडकीतून दुपारचं ऊन चादरीवर आलं होतं आणि चादरीवर काहीतरी चमकत होतं.

लोखंडाचा कीस. चिमूटभर.

तिनं दांडा उचलला. पहिल्या आणि दुसऱ्या रेघेच्या मधे आणखी एक रेघ होती. बाकीच्या काळवंडलेल्या, ही पांढरीशुभ्र. खाली शेपूट. तिनं बोट लावलं. ती जागा कोमट होती.

मघाशी तिनं स्वतःच्या हातानं दांडा पुसला होता. तेव्हा ही रेघ नव्हती.

घरात कानस नव्हती. बाबांची हत्यारं केव्हाच देऊन टाकली होती.

माणूस हादरला की सवयीचं काम करतो. तिनं दांडा नळीत घातला, सीट नव्या रेघेपर्यंत खाली घेतलं, बोल्ट आवळला आणि सायकल भिंतीशी उभी केली.

मोठ्या झालेल्या धाकट्यासाठी हे माप फारच कमी होतं. तिच्या स्वतःच्या कंबरेच्याही बरंच खाली.

"झालं का?" आई दारात उभी होती.

"नको, तू बाहेर बस," थोरली म्हणाली.

आई आत आली. कुणी न सांगता सायकलच्या शेजारी गेली आणि भिंतीला टाचा लावून ताठ उभी राहिली, जशी या खोलीत फक्त पोरं उभी राहायची.

थोरलीनं बघितलं. बघायचं नव्हतं, तरी वाकून, डोळा सीटच्या पातळीवर आणून, अचूक बघितलं.

जुळत नव्हतं. कंबरेचं हाड सीटच्या बोटभर वर होतं. बोटभर म्हणजे उघड चूक. असला काटा तिनं टेबलावरूनच परत पाठवला असता. तिला हसूच आलं.

"नाही बसत माप," ती म्हणाली. "आई, नाही बसत!"

"असं कसं बसेल," आई म्हणाली. "चपला घालून उभं राहिलेलं त्यांना कधी चालायचं?"

तिनं एका हातानं सीट धरलं, दोन्ही पायांतल्या चपला काढल्या आणि पायानंच सरकवून भिंतीशी जोडून ठेवल्या.