मसूरच्या अलीकडे

कऱ्हाडच्या एसटी स्टँडमागे, रसवंतीला चिकटून, मिलिंदचं आठ बाय दहाचं दुकान होतं. गाडीत टेप बसवणं हा धंदा. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खिळ्यांना वायरची भेंडोळी, आणि एक स्टूल, ज्यावर गिऱ्हाईक बसलं की मिलिंदला उभं राहावं लागे. तो मूळचा वडूजचा, आयटीआय झालेला. त्याच्या हातापेक्षा कानाचं नाव जास्त होतं. काम झालं की तो गाडीत बसायचा, काचा वर घ्यायचा, डोळे मिटायचा आणि एक अख्खं गाणं ऐकायचा. मग म्हणायचा, "डाव्या दारात पत्रा वाजतोय." आणि तो वाजतच असायचा.

ऊसवाल्या गिऱ्हाइकांची एक मागणी ठरलेली असे. किल्ली काढली तरी टेप वाजला पाहिजे. माणूस विहिरीवरच्या मोटरीला जाणार, गाडी बांधाला लावणार, किल्ली खिशात टाकणार आणि पाणी फिरेपर्यंत दारं उघडी ठेवून ढोलकी ऐकणार. कंपनीचा टेप किल्लीशिवाय बोलत नाही. मग मिलिंद टेपची वायर दिव्यांच्या फ्यूजवर घ्यायचा, कारण दिवे किल्लीशिवाय लागत. त्यातली खोट त्याला ठाऊक होती. टेप मोठा केला आणि वर दिवेही लावले की त्या एका फ्यूजवर दोघांचा भार. फ्यूज गेलाच, तर गाणं आणि दिवे एकाच वेळी जाणार. पण आजवर एकाचाही गेला नव्हता, आणि ज्याचं अजून बिघडलं नाही त्याला आपल्याकडे चांगलंच म्हणतात.

दसऱ्याला त्याने पृथ्वीराजच्या पांढऱ्या एस्टीममध्ये तशीच वायर घेतली. पृथ्वीराज पुसेसावळीकडचा, लालासाहेबांचा एकुलता एक. दिवाळीनंतर आठ दिवसांनी, दिवेलागणीच्या वेळी, शामगावचा घाट उतरून मसूरच्या अलीकडे त्याची गाडी उसाच्या ट्रॉलीखाली घुसली. तो जागीच गेला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, असं पंचनाम्यात आलं. लोकांनी ट्रॅक्टरवाल्या मानसिंगला बेदम मारलं, मग पोलिसांनी आत टाकलं. पंधरा दिवसांनी लालासाहेबांनी स्वतः जाऊन त्याचा जामीन केला, तेव्हा पंचक्रोशीला कोडं पडलं. म्हातारा दुःखानं बावचळला, असं लोक म्हणाले.

पृथ्वीराजच्या गाडीचे दिवे चालू होते का, हे कुणी विचारलं नाही.

मिलिंद गॅरेजात जाऊन गाडी बघून आला. फ्यूजचा डबा चेपून चपटा झाला होता, त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं. त्याची स्वतःची लाल वायर तेवढी लोंबत होती. ती त्याने कापून खिशात घातली आणि दुकानात येऊन दुसऱ्याच्या जीपचं काम पुरं केलं. त्याला रडू आलं नाही. जेवण जात होतं, झोप लागत होती. फक्त कशाची चव लागत नव्हती आणि उठल्यावर झोप झाल्यासारखं वाटत नव्हतं. बायको म्हणाली, तुमी आजारी हाय का. तो न्हाई म्हणाला, आणि ते खरंच होतं.

डिसेंबरात एका सोमवारी लालासाहेब तीच गाडी घेऊन आले. नवं तोंड, नवा डावा दरवाजा, नवा रंग. त्यांनी मागच्या सीटवरून एक खोकं काढून स्टुलावर ठेवलं.

"पृथ्वीचा दोस्त हाय नैरोबीला, पंपाच्या कंपनीत. त्यानं धाडलंय. उपग्रहावरचा रेडू म्हनं. पृथ्वीनं मागवला हुता."

"आबा, आता कशाला..."

"मागवला हुता. बसव."

मिलिंदने खोकं उघडलं. जेवणाच्या डब्याएवढा काळा सेट, त्याला स्टेशनचं नाव आणि नंबर दाखवणारी छोटी खिडकी, आणि वहीएवढा चपटा अँटेना. कंपनीच्या टेपला बाहेरचा आवाज घ्यायला जागा नव्हती. मग त्याने टेपच्या मागे, रेडिओच्या अँटेनाच्या वाटेत एक डबी घातली. सेटचा आवाज डबीत जाणार, डबी तो रेडिओच्या एका मोकळ्या नंबरावर सोडणार, आणि कंपनीच्या टेपला वाटणार की हे आपलंच स्टेशन. कंपनीची एकही वायर कापली नाही. करंट घेतला तो किल्लीवरून, सरळ.

उपग्रह आफ्रिकेच्या डोक्यावर होता. म्हणून गाडीचं तोंड मावळतीला, आगाशिवच्या डोंगराकडे वळवून अँटेना काचेपाशी टेकवला. चार वाजले होते. मिलिंद स्टेअरिंगवर बसला, आबा शेजारी. काचा वर घेतल्या.

आधी इंग्रजी बातम्या आल्या. मग कुठल्याशा भाषेत दोन बायका हसत होत्या. मग ढोल. आवाज इतका स्वच्छ, की मिलिंदला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. त्याने पुढचं बटण दाबलं.

खिडकीतलं नाव गेलं. नंबरही गेला. स्पीकरमधून इंजिनाची घरघर येऊ लागली.

आपणच गाडी चालू केली की काय, म्हणून त्याने इंजिनाच्या काट्याकडे पाहिलं. काटा शून्यावर होता. बॉनेट हलत नव्हतं. घरघर मात्र चालूच, मुरमावरून जाणारी चाकं, गिअर बदलल्याचा खटका, आणि मागे ढोलकीची कॅसेट. मिलिंदने सवयीने डोळे मिटले आणि लगेच उघडले.

ढोलकीच्या थापेबरोबर डाव्या दारात पत्रा वाजत होता. दसऱ्याला त्याने त्यात स्पंजचा तुकडा कोंबला होता, तरी थोडा राहिलाच होता. तो दरवाजा अपघातात गेला होता. तो पत्रा आता भंगारात होता.

स्पीकरमध्ये कुणीतरी घसा खाकरला.

"पृथ्वी," लालासाहेब म्हणाले. जसा कुणी दारात आलेला माणूस ओळखावा, तसं.

दहा मिनिटं दोघं ऐकत राहिले. ऊन काचेवरून सरकलं तसा आवाज तुटला आणि खिडकीत परत इंग्रजी नाव आलं. लालासाहेबांनी टोपी डोक्यावर घातली. "उद्या येतो," एवढंच बोलले.

मंगळवारी चारला ते हजर. गावाकडे सेट लावून पाहिला, म्हणाले, नुसत्या बातम्या येत्यात, ते हितंच घावतं. मिलिंदने बटण दाबलं. काल जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे चालू झालं. पुसेसावळीतली गर्दी, सायकलच्या घंट्या, कुणीतरी "सायब, आत्ता कुटं?" असं ओरडलं आणि हसून दिलेलं, न कळलेलं उत्तर. मग मोकळा रस्ता. मग घाट. मिलिंद त्या रस्त्याने शेकडो वेळा गेला होता. दुसऱ्या गिअरचा ताण, वळणावरचा हॉर्न, पुन्हा वळण. त्याला कानाने सगळं दिसत होतं. ढोलकी चालू होती, पत्रा वाजत होता.

मग त्याच्या लक्षात आलं, की ही गाडी कुठे चालली आहे.

घाटाखाली, सरळ रस्त्याला लागल्यावर, दिव्यांचं बटण फिरेल. गाणं शेवटपर्यंत वाजत राहिलं, तर दिवे होते, आणि दोष ट्रॉलीचा. गाणं आधी बंद पडलं, तर दिवेही गेले. मग पृथ्वीराजला मानसिंगने मारलं नाही.

घाटाच्या शेवटच्या वळणावर आवाज तुटला.

"आबा," मिलिंद म्हणाला, "सेटात बिघाड हाय. भलतंच काय काय धरतोय. परत धाडू आपण."

"असू दे."

"आवं, पण ऐकवत न्हाई."

"मला ऐकवतंय."

त्या रात्री तो नेहमीसारखा झोपला. सकाळी मात्र ठरवून उठला. आबा आले की त्यांना चहाला पाठवायचं आणि डबीची वायर कापायची. सेट मेला म्हणून सांगायचं. भित्रेपणाच होता तो, आणि त्याला तसं म्हणायची लाजही वाटली नाही. कुणी शिवी दिली असती तरी ती दुसऱ्याला दिल्यासारखी त्याने ऐकली असती.

बुधवारी लालासाहेब आले, गाडी मावळतीला तोंड करून लावली.

"आबा, च्या घेऊन या की. मी तवर वायरी बघतो."

"पिऊन आलोय."

मिलिंद टेपखाली वाकला. कटर वायरीला लागला होता, तेव्हा म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं. जोरात नाही. मूल रस्ता ओलांडताना धरतं तसं.

"ऱ्हाऊ दे रं. लाव."

त्याने कटर ठेवला आणि बटण दाबलं.

घाट संपला होता. चाकं एका लयीत चालली होती. लांबून ट्रॅक्टरचा आवाज येत होता, पुढून की मागून ते कळत नव्हतं. लालासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले.

कॅसेटचा आवाज वाढला. पृथ्वीराजला हे गाणं आवडायचं.

मग बटणाचा खटका. दिवे लागले.

ढोलकी चालू राहिली. मिलिंद मोजू लागला. पाच. दहा. वीस. पत्रा वाजत होता. तीस. त्याला वाटलं, वाजत राहील. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला काहीतरी मनापासून हवं होतं, आणि ते एवढंच, की हे गाणं संपू नये.

गाणं शब्दाच्या मध्येच बंद पडलं.

नुसतं इंजिन उरलं. काळोखातलं इंजिन, असं कानाला कळत नाही. पण त्याला कळलं.

"आबा," तो म्हणाला, "ती वायर माजी हुती. दिव्याच्या फ्यूजवर मीच घेतली हुती. मानसिंगचा काय दोष न्हाई."

"ठावं हाय."

मिलिंदने त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर डोंगराकडेच बघत होते.

"सकाळी न्याहारीलाच म्हनला, टेप मोठा केला की दिवं जात्यात, फ्यूज बदलावा लागतो. मिलिंदाकनं नीट करून आनतो. चारला निगनार हुता, तेवढ्यात ऊसतोडीची टोळी आली. उशीर झाला. मी म्हनलं, उद्या जा. म्हनला, न्हाई, त्यो लगीच करून दील."

"मग गाडी माज्याकडं का आनली, आबा?"

"दुसऱ्या कुनाकडं नेऊ? त्यो तुज्याकडंच निगाला हुता की."

मिलिंद थांबला. आता तो आवाज येणार होता. त्याने दात आवळले.

तो आला नाही.

इंजिन चालतच राहिलं. ट्रॅक्टर जवळ आला, शेजारून गेला, मागे पडला.

मसूरच्या रेल्वे फाटकाची घंटा वाजली. गाडी थांबली, एक लांबलचक मालगाडी गेली, फाटक उघडलं.

मग कृष्णेचा पूल. सांध्या-सांध्यावर चाकं दबत होती. मिलिंदला तो पूल तोंडपाठ होता.

मग हायवेचे ट्रक. मग स्टँडवरचा कर्णा, वडूज गाडी लागली म्हणून सांगणारा. तो स्पीकरमध्ये वाजला आणि लगेच काचेबाहेरही वाजला.

रसवंतीची घुंगरं आतही वाजत होती, बाहेरही.

खडीवर चाकं करकरली. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. इंजिन बंद झालं.

दार उघडलं, लागलं.

खडीवरून पावलं आली. चार, पाच, सहा. मिलिंदच्या बाजूच्या काचेपाशी थांबली. त्याने तिकडे पाहिलं. रसवंतीचा चरक, उसाचा चोथा, त्यावर माश्या. दुसरं कुणी नव्हतं.

"मिलिंदा," स्पीकर म्हणाला, "दिवं गेलं रं. बघ जरा."

लालासाहेब हलले नाहीत. मिलिंदने टेस्टर उचलला. कुठल्याही गिऱ्हाइकासाठी उतरला असता तसा तो खाली उतरला आणि गाडीच्या पुढे जाऊन उकिडवा बसला. बघण्यासारखं काहीच नव्हतं. फ्यूज नवे होते, वायरिंग नवं होतं. तरी त्याने दिव्यांच्या दोन्ही काचा बाहीने पुसल्या. मग दिवा लागला तर उन्हात दिसावा म्हणून डावा तळवा काचेसमोर धरला आणि वाट पाहिली.

तळव्यावर पिवळा उजेड पडला.

"लागलं का?" आतून विचारलं.

मिलिंदने मान वर केली. पुढच्या काचेपलीकडे आबांचे दोन्ही हात टोपीवर होते, आणि ओठ मिटलेले होते.

"लागलं," तो म्हणाला.