जाड तार

नवऱ्याचा आवाज एकदा धड ऐकायचा, एवढीच हेमांगीची इच्छा. समरजीत होळीच्या आधी गेला. त्याने गायलेली एक बंदिश फोनमध्ये होती, पण फोनवर तो पत्र्याच्या डब्यात बसून गातोय असं वाटे. तर त्याच्याच मोठ्या स्पीकरवर ती लावायची, असं तिने ठरवलं.

स्पीकरच्या तारा उंदरांनी कुरतडल्या होत्या. 'खासगी बाजार' नावाच्या पेठेतला दुकानदार म्हणाला, "भाभीजी, कमरा छोटा है तो पतली ही ले जाओ." हेमांगीला ते ठाऊक होतं. समरजीतनेच शिकवलेलं, की अंतर थोडं असेल तर बारीक तार चालते, लांब असेल तर जाडच लागते, नाहीतर आवाज वाटेतच मरतो.

भर दुपारी सिटी सेंटरमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये तिने अ‍ॅम्प्लिफायर पुढे ओढला. लाल तार लालला, काळी काळ्याला, दोन्ही स्पीकर जोडून झाले. आणि मागे तिला तिसरी तार दिसली. करंगळीएवढी जाड! खोली ती केवढीशी, आणि हा पै-पैला जपणारा माणूस. एवढी जाड तार त्याने कुठवर नेली असेल?

तार खिडकीतून बाहेर पडून पाइपामागून थेट तळमजल्यावर उतरली होती, सीमंतिनीच्या बंद फ्लॅटमध्ये. गाणं शिकवणारी ही एकटी बाई गेल्या दिवाळीत वारली. तिच्या आजारपणात डबे पोचवले ते हेमांगीनेच, आणि झाडांना पाणी घालायला किल्लीही हिच्याचकडे.

कुलूप उघडून ती आत गेली. पलंगाच्या उशाशी एकच स्पीकर होता. त्यावर धूळ नव्हती. उशीला समरजीत लावायचा त्या चमेलीच्या तेलाचा वास येत होता, ताजा.

हेमांगी त्याच पलंगावर टेकली. रोज संध्याकाळी दार लावून घेताना तो म्हणायचा, मला जरा एकट्याला ऐकू दे. आणि ही वेडी बाहेर चहा घेऊन ताटकळायची! केसाने गळा कापला मेल्याने. तिने तार स्पीकरमधून उपटली आणि वर येऊन दुसरं टोकही तोडलं.

तेवढ्यात लाइट गेली. कूलरची घरघर थांबली. डाव्या स्पीकरमध्ये बारीक खरखर सुरू झाली...

"आवाज का बंद केलास रे?" सीमंतिनी विचारत होती. "ती... खाली आली होती का?"

हेमांगीने उरलेल्या ताराही काढून टाकल्या. खरखर चालूच राहिली.

मग उजव्या स्पीकरमधून समरजीतचा आवाज आला. स्वच्छ, अगदी कानाशी. इतक्या मायेने तो हेमांगीशी आयुष्यात कधी बोलला नव्हता.

"हळू बोल, राणी... ती इथेच बसलीय."