रिपोर्ट यायच्या आधी

"हळू टोचा हं, मॅडम... ती रडली तर मीही रडेन," तो म्हणाला आणि प्रमिलाला हसू आवरेना.

शहाण्णव साल. धुळ्यातल्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासायची. समोर पारोळ्याचे मास्तर लीलाधर, मांडीवर पाच महिन्यांची गुड्डी. सुई निघाली तरी पोरीनं प्रमिलाचं बोट सोडलं नाही.

"तिला तुम्ही आवडलात," तो म्हणाला.

इकडे कुणालाही 'भाऊ' म्हणतात. पण त्याला भाऊ म्हणायला तिची जीभ वळेना.

दुपारी प्लेटमधला गुड्डीचा नमुना पिवळाधमक झाला. पिवळा म्हणजे एचआयव्ही. तिनं पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा पिवळा. पोरीला आहे... म्हणजे बापालाही?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून तो परत लॅबमध्ये आला, तेव्हा तिला त्याच्याकडे बघवेना.

"ताईची मुलगी आहे ही," तो आपणहून म्हणाला. "आधी मेहुणे गेले, मागोमाग ताई. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, आता हीपण..."

म्हणजे हा मामा! तिनं खुर्ची ओढून त्याला बसवलं.

"ऐका सर. आईच्या रक्तातल्या खुणा बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. आपण त्या खुणाच बघितल्या. रोग बाळात उतरलाय का, ते यातून कळत नाही."

तो बघतच राहिला. "म्हणजे... नसेलही?"

"नसेलही. असेलही."

विषाणूच शोधणारी नवी तपासणी पुण्यात होत होती. बर्फात ठेवलेली रक्ताची बाटली घेऊन तो स्वतः एसटीनं गेला.

मग दर शनिवारी शाळा सुटली की लॅबच्या दारात हजर.

"रिपोर्ट पोस्टानं येईल," ती म्हणायची. "तुम्ही कशाला येता?"

"पोस्टमन माझ्याशी एवढं बोलत नाही."

पाचव्या शनिवारी त्यानं रिपोर्टचं विचारलंच नाही.

"माझं ठरलेलं लग्न मोडलं. म्हणाले, पोरीला आश्रमात ठेवा. मी नाही म्हटलं." तो थांबला. "प्रमिला... तुम्ही कराल माझ्याशी लग्न? उत्तर रिपोर्ट आल्यावर द्या."

तिनं हातमोजा उलटा चढवला, काढला, पुन्हा उलटाच चढवला.

"रिपोर्ट बघून दिलेलं उत्तर रिपोर्टचं असेल," ती म्हणाली. "माझं आजच घ्या. हो."

हे आपणच बोललो, यावर तिचा संध्याकाळपर्यंत विश्वास बसला नाही.

बुधवारी पाकीट आलं. विषाणू आढळला नाही. खाली एक ओळ: दोन महिन्यांनी पुन्हा तपासावे. तिनं ते चारदा वाचलं आणि पारोळ्याची एसटी पकडली.

दारात त्याची आई, भिकुबाई, गुड्डीला कडेवर घेऊन उभी होती. पाकीट बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"काय लिखेल शे वं माय?"

"काहीच नही सापडनं. आखो एकदा तपासूत."

म्हातारी मटकन उंबऱ्यावर बसली. शाळेतून आलेला लीलाधर खडूच्या हातांनी अंगणातच थबकला होता.

भिकुबाईनं त्याच्याकडे पाहिलं, प्रमिलाकडे पाहिलं, आणि गुड्डीला अलगद पुढे केलं.

"ले, धर तुनी पोर."