आधीच मांडलेलं घर

परदेशातून परतलेल्या माणसाने लढाईच्या गोष्टी सांगाव्यात, अशी लोकांची अपेक्षा असते. मला मात्र पहिल्या दिवसापासून विहिरीच्या चाकाची काळजी लागली होती.

१९१९ सालचा मार्गशीर्ष होता. मी दौलतराव, तारखात्यातला सिग्नलर. सरकारने मला फौजेबरोबर बसऱ्याला नेलं, तिथून वर नदीकाठच्या कूतच्या ठाण्याला. कूत पडल्यावर तुर्कांनी कैद करून रेल्वेच्या कामाला जुंपलं. तिथे एक रूळ माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर आला. बोट राहिलं, पण वाकडं आणि थरथरणारं. तार मारणाऱ्याचं बोट गेलं म्हणजे गवयाचा गळा गेल्यासारखंच. पण जीव वाचला होता, आणि कुरकुर करण्याचा माझा स्वभाव नाही. घरी मात्र इतकी वर्षं माझी ना चिठ्ठी ना निरोप.

वाशीमला गाडीतून उतरून मी आधी रिठदला गेलो. तुळसाबाई, माझी बायको, तिथे माहेरी होती. सासऱ्यांनी, मारोतरावांनी, पायरीवरच तांब्याभर पाणी दिलं आणि माझ्याकडे बैल पारखावा तसं पाहत राहिले.

"चेहरा तं त्यायचाच दिसते," ते म्हणाले. "पन लढाई झाल्यापासून मेलेल्या सिपायायची नावं सांगत कितीक जन फिरून राह्यले, मालूम हाय ना?"

मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. आणि माझ्याजवळ पुरावा होता. लग्न झाल्यापासून मी दाराशी येऊन तुळसाला कधी हाक मारली नव्हती. चौकटीवर तिचं नाव तारेच्या भाषेत वाजवायचो. आखूड खुणेला टिचकी, लांब खुणेला नखाची ओढ. तिला अक्षर येत नव्हतं, पण ते वाजणं ती चुलीपाशी बसूनही ओळखायची, आणि दार उघडताना हसू दाबायची. कैदेत मी रोज रात्री भिंतीवर तेच वाजवून झोपलो होतो.

ती आतल्या दाराआड उभी होती. मी चौकटीवर तिचं नाव वाजवलं. सगळं नीट आलं. शेवटची लांब ओढ तेवढी वाकड्या बोटामुळे थरथरली आणि मधेच तुटली.

मी आत कान दिला. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या, त्यामुळे ती आहे की गेली तेही कळेना.

"शेवटचं तसं नोयतं," ती म्हणाली. "मले समजून नाई राह्यलं. तुमी घर मांडा. पान्याची, दिव्याची सोय करा. मंग न्यायले या. मी पुन्हा आयकीन."

एवढंच. पण मला तेवढं पुरे होतं. मी शिरपूरची वाट धरली.

शिरपुरात, जैनांच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर, मी लढाईवर जाण्याआधी दोन खणांचं कौलारू घर बांधलं होतं. गिलावा ओला असतानाच बोलावणं आलं, आणि घराला कुलूप लागलं. त्यात तुळसाने एक दिवस काढला नव्हता. किल्ली थोरल्या भावाकडे होती, उकंडरावांकडे. दादांनी मला पाहिलं, मिठी मारली, ढसढसा रडले, आणि मग एकदम हात काढून घेतला.

"दौलत, आमी तुह्यं सारं केलं रे," ते म्हणाले. "हाडं नाई भेटली म्हनून पयसाच्या पानायचा पुतया केला. तुह्यं लगनातलं जरीचं पागोटं त्याले बांधलं, अन् नाल्यावर आगीले देल्लं."

पळसाच्या पानांचा पुतळा माझं पागोटं बांधून माझ्या नावाने जळाला होता.

"चांगलं केलं. आता मी आलो."

"भटजी म्हनते, असा मानूस परत आला तं त्याचं बारसं पुन्हा करा लागते. त्याच बायकोसंग लगन पुन्हा लावा लागते. तवरोक त्यानं संसार मांडू नये."

मला तो पोरखेळ वाटला. "दादा, मी जिता आहो हे सांगाले भटजी कायले पायजे?"

त्यांनी किल्ली दिली, पण माझ्या हातात नाही, ओट्यावर ठेवली. रात्री मी त्यांच्याच ओसरीत झोपलो.

सकाळी विहिरीच्या चाकासाठी दोरीने माप घ्यायला नव्या घरी गेलो. विहिरीवर दोन खांब उभे होते, पण चाक नव्हतं. ते सुताराकडून करून घ्यायचं होतं. फाटकातूनच मला कुरकुर ऐकू आली. शेजारची गोजराबाई, गावात घरोघर पाणी भरणारी, माझ्या विहिरीवर पाणी शेंदत होती. खांबांवर नवं कोरं चाक होतं.

"चाक मस्त बसवलं मालक," ती म्हणाली. "रांजन भरून देल्ला. तुमी म्हनलं तसा, मागच्या पडवीत."

"मी कधी म्हनलं?"

ती दोर धरून थांबली. "आता, उजाडताच तं. हे चाक बसवत होते तवा." मग तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं. "अन् मालक, तवा तं चांगले तरतरीत दिसत होते. घंट्याभरात असे काहून सुकले?"

म्हातारीची नजर, असं मी मनात म्हटलं. दादांनीच कोणाकडून तरी बसवून घेतलं असणार. रांजण मागच्या पडवीत ठेवायचा, हे मी खरंच ठरवलं होतं, पण सांगितलं कोणालाच नव्हतं. रांजण तरी दुसरीकडे कुठे ठेवतात, म्हणून मी तो विचार सोडून दिला.

दिव्यासाठी मदनसिंगच्या दुकानी गेलो. घासलेटचा डबा आणि एक कंदील हवा, असं सांगताच तो हसला.

"दोन कंदील कायले दौलतराव? आता एक नेला ना! किती काचा पायल्या तुमी. टिचकी मारून मारून."

काच घेताना मी टिचकी मारून पाहतो. चिरलेली काच बद्द वाजते. ही सवय तारखात्यातली. तिथे तारेच्या खांबांवरचे चिनी मातीचे खुंट असेच पारखतात. शिरपुरात ती कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"त्याच्या डोक्यावर काय होतं?" मी विचारलं.

"कोनाच्या?"

"माह्या."

मदनसिंगचं हसू मावळलं. "पागोटं. जरीच्या काठाचं. लगनाले बांधते तसं." आणि माझ्या उघड्या डोक्याकडे पाहून त्याने नजर खाली घातली.

घरी कुलूप जसंच्या तसं होतं. उघडून आत गेलो. कंदील मधल्या खुंटीवर टांगलेला, वात तिरपी कापलेली. मी वात तिरपीच कापतो, कारण सरळ कापली की तिची टोकं काजळी धरतात. मी कंदील खाली काढून पाहिला. काच कोमट होती.

त्या क्षणी मला जे वाटलं ती भीती नव्हती, संताप होता. कोणीतरी माझं सोंग घेतलं होतं, आणि त्याला शिकवणारा माणूस घरचाच होता. घर आणि त्यामागचा जमिनीचा तुकडा, दोन्ही दादांच्या ताब्यात होतं. मेलेला भाऊ त्यांना सोयीचा होता. एवढा हिशेब कोणीही केला असता, आणि तो मला पटलाही. पटल्यामुळे थोडं बरंही वाटलं, हे कबूल करायला हवं.

पोस्टात गेलो ते बंदोबस्त करायला. रामकिसन मास्तर शाळा सांभाळून पोस्टही पाहत. माझी डाक यापुढे दादांकडे न देता नव्या घरी द्यावी, एवढंच सांगायचं होतं.

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "सांगून गेले ना तुमी. आत या म्हनलं तं आले नाई. उंबरठ्यावरूनच बोलले."

"आणखी काय बोललो?"

"येवढंच, का घर मांडून झालं, आता उद्या घरच्यायले आनतो." मास्तर थोडे थांबले. "अन् जाता जाता दाराच्या चौकटीवर काहीतरी वाजवलं. मोठं गोड वाजवता हो."

मी तिथून धावतच दादांकडे आलो. ते गोठ्यात होते. त्यांच्या बंडीची गळपट्टी धरून मी त्यांना भिंतीला रेटलं. थोरल्या भावावर हात टाकण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ.

"कोन हाय तो? कुठून आनला? त्याले टकटक कोनं शिकवली?"

दादांनी अंग सोडवायची धडपड केली नाही. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"मीबी पायला त्याले," ते म्हणाले. "सकायी. तुह्या इहिरीवर. पाठमोरा होता, चाक बसवत. मी हाक मारली, दौलत! त्यानं ओ देल्ली."

"मंग?"

"मंग मी घरी आलो. तं तू ओसरीत निजेल होता."

गोठ्यात गाय शेपटीने माशा वारत होती. मी त्यांची गळपट्टी सोडली.

"तू आल्यापासून हसला नाई, दौलत," दादा हळूच म्हणाले. "त्यानं ओ देल्ली ना, ते हसून देल्ली. पयले तू देत होता तशी."

दादा खोटं बोलत असते तर मी ओळखलं असतं. ते खोटं बोलत नव्हते, आणि माझा सगळा हिशेब तिथेच कोसळला. त्या रात्री मी घराच्या ओट्यावर बसून पहारा केला. कोणी आलं नाही. मी जिथे असे तिथे तो नसे. मी जिथे जाई तिथून तो नुकताच गेलेला असे. मास्तरांना त्याने सांगितलेलं मला पुन्हा पुन्हा आठवत होतं. मी त्याच्या आधी पोचायला हवं होतं.

उजाडण्याआधी दादांची दमणी जुंपून निघालो. बैलांच्या पाठीवर चाबूक ओढताना लाज वाटली, तरी ओढला. वाटेत दुतर्फा पळसाची झाडं. एरवी मी त्यांच्याकडे पाहिलंही नसतं.

मारोतराव पायरीवरच होते. मला पाहून ते लगबगीने उठले. या खेपेला त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, उलट आपुलकी होती.

"काय राह्यलं का जावईबापू? लुगड्याचं गाठोडं तं मी दमनीतच ठेवलं होतं."

मी कासरा टाकून खाली उतरलो.

"कोनाच्या दमनीत?"

"तुमच्या. आज पाहाटच्या. आडवाटेनं गेले ना तुमी." ते हसले. "पयल्यांदा आले तवा माह्या मनात किंतु होता, खोटं नाई बोलत. पन आज तुमी चौकटीवर वाजवलं, अन् पोरीनं शेवटपर्यंत आयकलंबी नाई. धावत बाहीर आली. किती वर्सानं हसली माही तुयसा."

मी दमणी तिथूनच वळवली. तिने मला तपासलं होतं आणि नाकारलं होतं. त्याला मात्र तिने ओळखलं होतं.

परतीला बैल थकले. शिरपूर दिसू लागलं तेव्हा दिवेलागण झाली होती.

घराच्या कौलांतून धूर निघत होता. मी दमणी लांबच सोडली आणि चालत गेलो.

विहिरीच्या चाकावरून दोर नुकताच कोणीतरी सोडला होता. तो अजून हलत होता.

कुलूप उघडं होऊन कडीला लटकत होतं. किल्ली माझ्या खिशात होती.

दाराच्या फटीतून कंदिलाचा उजेड येत होता. भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि त्या थापण्याबरोबर बांगड्यांचा. ती कशाला तरी हसत होती.

मला हाक मारायची होती. तुळसा, मी आहे, असं ओरडायचं होतं. पण आजवर मी तिला दारातून हाक मारली नव्हती.

मी चौकटीवर तिचं नाव वाजवलं. शेवटची ओढ थरथरली आणि तुटली.

भाकरीचा आवाज थांबला.

"आयका ना," ती आत म्हणाली. "दारावर कोनीतरी हाय."

पाट सरकला. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. दार उघडलं नाही. आतल्या बाजूने, माझ्या हाताच्या बरोब्बर समोर, कोणीतरी तिचं नाव वाजवलं. सावकाश, गोड. शेवटची लांब ओढ अखंड, स्वच्छ आली. त्या हाताचं बोट कधी मोडलंच नव्हतं.