फिंटन हेरटीला सांगितलेलं खोटं

तो दुकानात शिरला तो भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखा कडेकडेने. बाहेर आयर्लंडातल्या आमच्या लीट्रिमचा तो बारीक, चिकट पाऊस लागला होता.

"दार लावा, पाणी आत येतंय," मी म्हटलं.

"लावतो. पण आधी तुम्ही डोळे मिटा."

"का बरं?"

"पांढरी पँट आहे... आणि गाडीच्या दाराने मागून तिचा पार निकाल लावलाय."

मी हसू दाबलं. कपड्यांच्या त्या दुकानात मी उसवलं-फाटलं शिवून द्यायचं काम करत होते. पुरुषांच्या पँटी मला नवीन नव्हत्या. पण हा माणूस ओळखीचा निघाला. रस्त्यापलीकडच्या खांबावर त्याचंच चित्र होतं, गिटार घेतलेलं. फिंटन हेरटी. लग्नांत, जत्रेच्या तंबूंत गाणारा.

"आज फोटो आहे," तो पडद्याचं कापड कमरेला गुंडाळून म्हणाला. "पहिली कॅसेट निघतेय माझी. तिच्यावर मी उभा पाहिजे म्हणतात."

"मग पुढूनच काढतील ना? फाटकी चालली असती."

"चालली असती. पण मग तुम्ही कशा भेटला असतात?"

सुई बोटात घुसली माझ्या. आणि नेमकी तेव्हाच मशिनीमागून माझी नूला बटणांचा डबा घेऊन बाहेर आली. तो पडदा सावरत तिच्यासमोर उकिडवा बसला.

"तू कुणाची गं?"

आमच्याकडे लहान मुलाला हेच विचारतात आधी. नाव नंतर. नूलाने बोट माझ्याकडे केलं. आणि मी...

"बहिणीची आहे," मी म्हटलं. "कार्मेलची. ती इंग्लंडात, लीड्सला असते."

गावात सगळ्यांना माहीत होतं. नूलाचा बाप बॉस्टनला गेला तो गेलाच, माझ्या बोटात अंगठी नाही, हे काही लपलेलं नव्हतं. रविवारी चर्चसमोरून तिची बाबागाडी मी मान ताठ ठेवून ढकलली होती. आणि भिजलेल्या पापण्यांच्या एका माणसापुढे माझं अवसान गळालं! नूला चार वर्षांची होती. तिने बोट खाली घेतलं, एवढंच.

त्यानंतर तो दर मंगळवारी यायला लागला. पलीकडच्या गावात बँडची तालीम असायची. कधी कोटाचं बटण तुटलेलं, कधी बाहीची शिवण.

"हे बटण तुटलेलं नाही, कापलंय," एकदा मी म्हटलं.

"दातांनी," तो म्हणाला. "कात्री नव्हती."

आपल्या गाण्याचं तो हसत हसत सांगायचा. पहिल्यांदा तंबूत गायला तेव्हा समोर नऊ माणसं आणि एक कुत्रं होतं. रेडिओवर एकदाच लागला, तेही पहाटे सहाला, फक्त गाईंनी ऐकला. पण एक गोष्ट तो मनापासून करायचा. त्याच्या गाण्यांवरचा नाच संपला की दाराशी उभा राहून येईल त्याचा हात हातात घ्यायचा. कुणाच्या आईचं कमरेचं दुखणं, कुणाच्या मुलाचा वाढदिवस, सगळं लक्षात ठेवायचा आणि पुढच्या वेळी माइकवरून नावानिशी सांगायचा. लोक गाण्याइतकेच त्यासाठीही येत.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एका मंगळवारी पोस्टमनने नूलाला सहज छेडलं, "काय गं, तू कुणाची?" माझ्या पोरीने गंभीरपणे विचार केला. "मॅमीची. पण मंगळवारी कार्मेलमावशीची."

पोस्टमन हसत गेला. मी कपड्यांच्या ढिगात तोंड खुपसून बसले. आज सांगेन — येत्या मंगळवारी नक्की — असं म्हणत वसंत आला. दरम्यान त्याने एकदा माझ्या बोटावरचे सुईचे टोचे मोजले होते, आणि मी हात काढून घेतला नव्हता.

मे महिन्यात तो आमच्याच गावच्या हॉलमध्ये गायला आला. रविवार, दुपारी तीन. बायका एका भिंतीला, पुरुष समोरच्या, मधली फरशी नाचासाठी मोकळी. नूला पाच वर्षांची झाली होती त्याच दिवशी. नव्या झग्यात माझ्या मांडीवर बसली होती. तिसरं गाणं संपलं आणि फिंटन माइकशी वाकला.

"हे पुढचं नूलासाठी. आज पाच वर्षांची झाली. आई बिचारी लीड्सला आहे, पण डिंप्नामावशी इतकं जपते तिला... मावशी असावी तर अशी!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. शेजारच्या गिलहूलीबाईंनी चहाची किटली खाली ठेवली.

"मावशी?" त्या हळूच म्हणाल्या. "डिंप्ना, अगं काय सांगून ठेवलंस त्याला?"

मी खाली बघत राहिले. कान जळत होते. नूलाने माझ्या कानाशी तोंड आणलं.

"मॅमी, आज मंगळवार आहे का?"

मी उठले. तिला कडेवर घेतलं आणि ती मोकळी फरशी ओलांडायला लागले. सगळा गाव बघत होता. इतकी लांब ती फरशी मला कधीच वाटली नव्हती. फिंटन स्टेजच्या कडेला गुडघ्यावर बसला, माइकवर हात ठेवून.

"ती माझी आहे," मी म्हटलं. "मीच जन्म दिलाय. कार्मेलला मूलच नाही."

त्याचा चेहरा उतरला. हॉलकडे बघितलं त्याने, मग माझ्याकडे.

"म्हणजे हे सगळे जाणून होते, आणि मी आत्ता माइकवर..."

"हो."

"इथल्या सगळ्यांना खरं सांगता आलं तुला. मला नाही?"

"तुझीच लाज वाटली... म्हणजे, तुझ्यासमोर माझी. आणि त्यात हिला नाकारलं मी. ही कडेलाच उभी असताना."

मागे ड्रमवाला काडी वाजवत वाट बघत होता.

"चहाच्या सुट्टीला अजून चार गाणी आहेत," शेवटी तो म्हणाला. "मला ती म्हणावी लागतील. तू जाऊ नकोस."

चार गाणी मी बाकावर बसून ऐकली. एकही शब्द आठवत नाही. नूला मांडीवर बसून पाय हलवत होती. मग तो खाली उतरला, पुरुषांच्या बाजूला गेलाच नाही. सरळ बायकांच्या बाकावर, आमच्या शेजारी येऊन बसला. गिलहूलीबाईंनी न विचारता त्याच्या हातात कप दिला.

"माझा मॅनेजर सांगतो," तो चहाकडे बघत म्हणाला, "गायकाला प्रेयसी आहे असं कळलं की निम्म्या बायका यायच्या बंद होतात."

"आणि तिला मूल असलं तर?"

"तर उरलेल्याही." त्याने घोट घेतला. "गाणं सुटलं तर मला ब्रेड पोचवायची गाडी चालवता येते, डिंप्ना. गाण्याआधी चार वर्षं तेच केलंय. पण पुन्हा खोटं नको. ते मला नाही जमणार."

"नाही बोलणार."

"मी रागावलोय अजून."

"माहितीय."

"मग थोडी सरक. कडेला बसलोय, पडेन."

मी सरकले. समोरच्या भिंतीवरून चाळीस जोड्या डोळ्यांनी ते पाहिलं. कान अजून तापलेलेच होते — पण नूलाला मी मांडीवरून उतरवलं नाही, आणि मानही खाली घातली नाही.