आठवड्याआडचं घर

वेका हा पक्षी दिसायला कोंबडीसारखा आणि वागायला अट्टल चोर. त्याला उडता येत नाही, पण पळतो असा की विचारू नका. हे मला क्वार्ट्झ क्रीकमध्ये उतरल्याउतरल्याच कळलं. पबच्या ओसरीवर बसून मी भिजलेले बूट काढले, एक जॅन्डल पायात घातली आणि दुसरी... दुसरी त्याच्या चोचीत!

"ए! माझी चप्पल! ठेव खाली, मेल्या!"

वेकाने ऐकलं नाही. पण रस्त्यापलीकडे बॅगेवर बसलेला एक मुलगा ताडकन उठला आणि पावसात त्याच्यामागे धावत सुटला.

"त्याला मराठी येत नाही," तो धावता धावता ओरडला, "पण मला येतं!"

मी एका पायात जॅन्डल घालून तशीच उभी. डोंगरांनी चारी बाजूंनी वेढलेलं, ढगात अर्धं बुडालेलं हे एवढंसं गाव. एक पब, डेअरी म्हणतात ते एक किराणा दुकान, एक बंद पडलेलं पोस्ट आणि वर सोन्याची खाण. इथे मराठी? मला वाटलं, प्रवासाने डोकं फिरलं बहुतेक.

तो झुडपातून परत आला तेव्हा केसांतून पाणी निथळत होतं आणि खांद्यावर नेच्याचं एक पान अडकलं होतं. त्याने जॅन्डल माझ्यासमोर ठेवली.

"मैत्रेय," तो म्हणाला. "मूळचा कल्याणचा. आता वेलिंग्टन. खाणीत जिऑलॉजिस्ट."

"सुमेधा वाघमारे. ऑकलंडचं माउंट रॉस्किल. खाणीचं पाणी तपासायला आलेय."

"अरे वा! जय भीम!"

"जय भीम," मी म्हटलं, आणि उगाचच हसले. ऑकलंडमध्ये आईबाबांच्या मित्रमंडळीत हे शब्द रोजचे. इथे, त्या पावसात, ते एकदम अंगावर शाल घातल्यासारखे वाटले.

"राहणार कुठे?" त्याने विचारलं.

हाच तर प्रश्न होता. कंपनीने आपली जागा आपणच निवडायला सांगितलं होतं. जागा होत्या तीन आणि मी एकही पाहिली नव्हती.

"चला, दाखवतो. बॅरीचा चहा संपेपर्यंत मी मोकळा आहे."

बॅरी म्हणजे व्हॅनचा ड्रायव्हर. खाणीत एक आठवडा काम आणि एक आठवडा सुट्टी, अशा दोन तुकड्या. बुधवारी बॅरी क्राइस्टचर्चच्या विमानतळावरून नवी तुकडी आणायचा, पबमध्ये खिमा भरलेली पेस्ट्री आणि चहा घ्यायचा, मग जुनी तुकडी घेऊन परत जायचा. मी येणाऱ्या तुकडीतली होते. मैत्रेय जाणाऱ्या.

"ही पबच्या वरची खोली," त्याने जिन्याखालूनच बोट दाखवलं. "गाणी फुकट. झोप मिळेल याची खात्री नाही. आणि तो ओढ्यापलीकडे कॅम्प. पत्र्याच्या केबिन. शेजारच्याने कूस बदलली की तुम्हाला जाग येते."

"आणि तिसरी?"

तो जरा थांबला. मग पबच्या मागे, सफरचंदाच्या झाडाआड दिसणाऱ्या एका छोट्याशा लाकडी घराकडे पाहून म्हणाला, "ते पबवाल्या मॉरीनचं. जुन्या खाणकामगाराचं घर. एकच खोली, पण चूल चांगली पेटते आणि सकाळी खिडकीतून धुकं आत येतं..."

"कोणी राहतं का?"

"एक जण राहतो. बरा आहे. भांडी वेळेवर घासतो."

"मग भरलेलीच की!"

"अर्धीच. तो एक आठवडा असतो, एक आठवडा नसतो. नसतो त्या आठवड्यासाठी मॉरीन कोणीतरी शोधतेय."

"आणि हा एक जण म्हणजे..."

"तुमची चप्पल आणून देणारा," तो म्हणाला. आणि चक्क लाजला!

तेवढ्यात बॅरीने हॉर्न दिला. मैत्रेय बॅग उचलून पळाला, व्हॅनच्या दारातून वळून म्हणाला, "चुलीच्या धुराड्याची झडप थोडी ओढून ठेवा, नाहीतर डोळ्यांतून गंगाजमुना!" मी अजून हो म्हटलंच नव्हतं. पण मॉरीनकडून चावी मात्र घेतली.

आईला फोनवर सांगितलं.

"म्हणजे एका मुलाच्या खोलीत?"

"अगं, तो असतो तेव्हा मी नसते."

"आणि तू असतेस तेव्हा?"

"तेव्हा तो नसतो!"

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "पण चादर आपली ने."

चादर नेली. पण चादरीने काय होतंय? खोली त्याची होती, सगळीकडून त्याचीच. खिडकीत ओढ्यातले गोटे रांगेने मांडलेले. दारामागे त्याचा जुना लोकरी स्वेटर, त्याला लाकडाच्या धुराचा वास. चुलीशेजारी माझ्यासाठी फोडून ठेवलेली लाकडं, बारीक वेगळी, जाड वेगळी. सकाळी धुकं खरंच आत यायचं. मी चहाचा कप घेऊन खिडकीत बसायचे आणि वाटायचं, गेल्या आठवड्यात इथेच तोही बसला असेल. याच कपातून प्यायला असेल. मग कामाला उशीर व्हायचा.

दुसऱ्या खेपेला गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात फडक्याखाली एक वाडगं सापडलं. दही! घट्ट, कवडीसारखं. त्या थंडीत दही लागायला ऊब असलेली घरातली ती एकच जागा, आणि ती त्याने बरोबर हेरली होती. मी ते खाल्लं, चमचाभर विरजण राखलं आणि निघायच्या दिवशी त्याच्यासाठी लावून ठेवलं. पुढच्या वेळी पुन्हा माझ्यासाठी. असं आमचं दही सबंध हिवाळाभर चाललं.

आणि बुधवार. आमच्या वाट्याला फक्त बॅरीचा चहा संपेपर्यंतचा वेळ. एक जण व्हॅनमधून उतरायचा, दुसरा बॅग घेऊन ओसरीवर उभा.

"या वेळचं दही आंबट होतं," तो म्हणायचा. तोवर आमचं 'अहो-जाहो' पावसात कधीच वाहून गेलं होतं.

"असेल. मी चिडून लावलं होतं."

"कोणावर?"

"उशीवर कोणाचा तरी केस होता."

"मग... काढून टाकलास?"

तो बुटाच्या टोकाने ओसरीची फळी घासत राहिला. त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते आणि मला ते मोजावेसे वाटत होते. तेवढ्यात हॉर्न. बॅरी इतका घाईघाईने चहा का पितो, याचा मला मनापासून राग यायचा.

नंबर त्याने मागितला नाही. त्याने मागितला नाही म्हणून मीही दिला नाही. मी आहेच तशी हट्टी. एकदा मात्र तो स्वतःहून म्हणाला, "मेसेज करायला लागलो तर घरात एकमेकांना शोधण्यात मजा काय?" मला ते तेव्हा फार गोड वाटलं. पुढे त्याचं जे झालं ते ऐका.

जुलैच्या शेवटी एका बुधवारी घाटात बर्फ पडला. व्हॅन उशिरा आली. बॅरीने चहाच घेतला नाही, "चला चला, रस्ता बंद व्हायच्या आत!" म्हणत आम्हाला आत कोंबलं. मैत्रेय उतरत होता, मी चढत होते. दारात त्याचा हात माझ्या हाताला लागला. "सुमेधा..." एवढंच म्हणाला तो. दार बंद झालं.

सबंध रस्ता मी काचेवर कपाळ टेकून बसले होते. लुइस पासचा घाट पांढराशुभ्र झाला होता आणि मला एकच कळत होतं. मी या माणसाच्या प्रेमात पडले आहे. त्याच्या घरात राहते, त्याच्या हातचं दही खाते आणि त्याच्याशी चार वाक्यंसुद्धा धड बोलायला मिळत नाहीत. एका घरात राहतो म्हणूनच आम्ही भेटत नव्हतो! तो असेल तेव्हा मला तिथे असायचं असेल, तर ते घर मला सोडावं लागणार होतं.

बरं, सोडलं. पुढच्या खेपेला माझ्या बॉसकडे मी तुकडी बदलून मागितली. या बुधवारी सुट्टीवर जायचं नाही, सलग पुढचा आठवडाही काम करायचं, म्हणजे मी त्याच्या तुकडीत. बॉस म्हणाली, "आत्ता बदलतेस तर हिवाळा संपेपर्यंत पुन्हा नाही हं." मी म्हटलं, "नकोच." मॉरीनला चावी परत दिली, तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली.

"भर हिवाळ्यात? कॅम्पमध्ये? बरी आहेस ना?"

"एकदम बरी आहे."

बॅग पत्र्याच्या केबिनमध्ये टाकली, केस नीट विंचरले आणि बुधवारी ओसरीवर जाऊन उभी राहिले. तो उतरेल. विचारेल, निघालीस? मी म्हणेन, नाही. मग तो... पुढचं मी इतक्या वेळा मनात पाहिलं होतं की गाल आधीच गरम झाले होते.

व्हॅन आली. एकेक जण उतरला. मैत्रेय उतरला नाही.

"तुझा दोस्त ना?" बॅरी पेस्ट्रीचा घास गिळत म्हणाला. "तो पुढच्या बुधवारी येणार. आठवडा बदलून घेतलाय त्याने. तुझ्या तुकडीत आलाय, स्वीट ॲज, एकदम झकास!"

काही क्षण मला काही समजलंच नाही. मग समजलं, आणि मी ओसरीच्या पायरीवर मटकन बसले. मी त्याचा आठवडा घेतला होता, त्याने माझा. त्याचं काम दगडाचं, माझं पाण्याचं. दोघांचे बॉस वेगळे, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही. दोघांनी घर सोडलं आणि पुन्हा जिथल्या तिथे! मॉरीनला त्याने त्याच सकाळी फोनवर कळवलं होतं म्हणे, की घर सुमेधालाच असू दे, मी कॅम्पमध्ये झोपेन. हे सांगताना ती इतकी हसली की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. मीही हसले. हसता हसता रडले.

तो आठवडा मी पत्र्याच्या केबिनमध्ये काढला. शेजारचा कूस बदलायचा, मला जाग यायची. मॉरीन म्हणत होती, घर रिकामंच आहे, ये. एकदा गेले. चूल थंड, कपाटात वाडगं पालथं. आजवर मी तिथे एकटीच राहत होते, पण एकटं कधी वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी वाटलं. हिवाळा संपला की माझं इथलं काम संपणार होतं, आणि तोवर पुन्हा तेच बुधवार. चहा, हॉर्न, व्हॅनचं दार.

पुढच्या बुधवारी पाऊस नुसता भुरभुरत होता. मी बॅग घेऊन ओसरीवर उभी होते. मैत्रेय उतरला तो मागे वळून रस्त्याकडेच बघत. कोणाला तरी शोधत होता. मग त्याला मी दिसले आणि माझ्या हातातली बॅग.

"तू... तू आज येणार होतीस ना?"

"मी गेलेच नाही."

"म्हणजे?"

"तू माझा आठवडा मागून घेतलास. मी तुझा."

तो बघतच राहिला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. हसतोय की काय, कळेना.

"किती हुशार आहोत आपण," तो शेवटी म्हणाला. "सुमेधा, मी दोन आठवडे वेलिंग्टनमध्ये नुसता समुद्राकडे बघत बसलो होतो. तुला काय काय सांगायचं ते पाठ करत."

"मग सांग ना."

"आता? बॅरीचा चहा..."

"सांग, मैत्रेय."

"तू आवडतेस मला. फार. त्या घरात तू नसतेस तेव्हा मी तुझ्याशी बोलत बसतो. मोठ्याने. मॉरीनला वाटतं मी फोनवर असतो."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. "पाठ केलेलं ते हेच?"

"नाही. पाठ केलेलं विसरलो."

"बरं झालं," मी म्हटलं. "मलाही आवडतोस तू. कधीपासून, ते विचारू नकोस."

तो एक पायरी वर आला. मी एक पायरी खाली उतरले. त्याने माझा हात धरला. त्याचा हात गार होता, माझा त्याहून गार. आणि हॉर्न वाजला.

"पुढच्या बुधवारी," तो हळूच म्हणाला आणि हात सोडायला लागला. मी सोडला नाही. मला एकदम स्वतःचंच नवल वाटत होतं. सबंध हिवाळा मी सुट्टी लागली की व्हॅनमध्ये चढत होते. का? तर सगळेच चढतात म्हणून! कामाचा आठवडा खाण ठरवत होती. सुट्टीत कुठे राहायचं, हे मला आजवर कोणी सांगितलं होतं?

"बॅरी," मी ओरडले, "तू जा! मी येत नाहीये!"

बॅरीने खांदे उडवले आणि दार ओढून घेतलं. मैत्रेय माझ्याकडे, व्हॅनकडे, पुन्हा माझ्याकडे बघत होता. मॉरीन पबच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"ठरलं का एकदाचं?" तिने विचारलं. "माझं घर भरलेलं धरू की रिकामं?"

"भरलेलं," मी म्हटलं.

मग आईला फोन लावला. या आठवड्यात घरी येत नाही म्हणाले. आई म्हणाली, "नाव काय त्याचं?" मी सांगितलं. "कॅम्पमध्ये झोपतो ना?" "हो गं!" "मग ठीक आहे. जेवायला बोलावत जा."

मैत्रेयने माझी बॅग उचलली. सफरचंदाच्या झाडाखालून आम्ही घराकडे निघालो. तेवढ्याशा वाटेत तो तीनदा थांबला, मी खरंच सोबत आहे का ते बघायला. दाराशी आल्यावर मात्र त्याचा चेहरा पडला.

"पण मला उद्या पहाटेच खाणीत जायचंय."

"जा की. संध्याकाळी ये," मी म्हटलं. "मी घरी असेन."